गिरणीतली धूळ

जमना वेवजीहून रोज तलासरीजवळच्या एका कारखान्यात झाडलोट करायला जायची. तिथे जुने मोबाइल, कम्प्युटर, टीव्ही पोत्यांनी येत. बायका टेबलाशी बसून ते खोलत, तांब्याच्या तारा वेगळ्या करत, हिरव्या पट्ट्यांवरच्या काळ्या चिपा उपटत. त्या चिपा भाजून एका बंद खोलीत दळल्या जात आणि त्या पिठातून रुचिका मॅडम सोनं काढत. दळायच्या खोलीला बायकांनी नाव ठेवलं होतं, गिरणी.

दळायचं नवं यंत्र आल्यापासून दोन महिने सोनं कमी भरत होतं. रुचिका वयाने लहान, पण कामात पक्की. नमुना तपासताना जेवढं सोनं दिसे, तेवढं शेवटी हातात येत नव्हतं. तिने तीनतीनदा तपासून पाहिलं. मॅनेजर नविनभाईंनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला आणि सुटताना फाटकावर बायकांची झडती सुरू केली.

पहिल्याच दिवशी टेबलावर चिपा उपटणाऱ्या सुकीचा अंबाडा सोडायला लावला. घरी जाताना जमनाशेजारी रिक्षात बसल्यावर तिच्या डोळ्यांना धार लागली.

"आठ वर्षं काम करते मी इथे," ती म्हणाली. "केसात सोनं लपवीन?"

जमनाने तिचा हात धरला. पण रिक्षा वळेपर्यंत ती मागे कारखान्याच्या पडवीकडेच पाहत होती.

जमना मूळची मसोलीची. लग्नाआधी डहाणूच्या बाजारात एका सोनाराकडे ती केर काढायची. म्हाताऱ्या सोनाराचा एकच नियम होता: दुकानातली धूळ उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. ती डब्यात साठवायची, आणि वर्षातून एकदा झारेकरी येऊन ती विकत नेत, धुऊन तिच्यातलं सोनं काढत. ती सवय जमनाच्या हाताला इतकी लागली होती की इथेही गिरणीतला केर तिने कधी बाहेरच्या ढिगात टाकला नव्हता. मागच्या पडवीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत ती तो भरून ठेवायची. कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आता चार गोण्या झाल्या होत्या.

घरी तिने नवऱ्याला, लडक्याला, सगळं सांगितलं.

"उद्या त्या गोण्या कोणी पाहिल्या तर चोर मीच ठरेन."

"मग त्यांनी पाहायच्या आधी तूच दाखव," लडक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमना थेट रुचिकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, सोनं कुठे जातंय ते मला माहीत आहे. पण आधी माझं सगळं ऐकून घ्या."

रुचिकाने सगळं ऐकलं. मग उठून पडवीत आली, गोणीचं तोंड सोडलं आणि पहिल्यांदा ओरडली ती भलत्याच गोष्टीवर.

"मावशी, हे तुम्ही मास्क न लावता झाडता? रोज?"

"पदर बांधते ना तोंडाला."

"पदराने काय होतंय! ही धूळ विषारी असते." तिने स्वतःच्या कपाटातून मास्क आणि हातमोजे आणून दिले. तोवर नविनभाईही आले होते. गोण्या पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. रुचिका म्हणाली, "सर, तासभर थांबा."

जमनाने घमेलं मागितलं. मोठ्या टबात पाणी घेऊन तिने मूठ-मूठ धूळ घमेल्यात टाकली आणि ते हलकेच गोल फिरवायला लागली. झारेकऱ्यांना तिने असंच करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. पहिल्या खेपेला घाईत सगळंच टबात सांडलं. दुसऱ्या खेपेला मनगट सैल सोडलं, तशी हलकी राखाडी पूड पाण्याबरोबर वाहून गेली. तळाशी काळसर गाळ उरला आणि त्यात केसाहून बारीक पिवळे तुकडे.

रुचिका घमेल्यावर वाकली. "चिपांच्या आतल्या तारा आहेत या," ती हळूच म्हणाली. "दळताना उडतात. मी खोलीचं दार पाहिलं, भट्टी पाहिली, जमिनीकडे पाहिलंच नाही."

तिसऱ्या दिवशी पहिल्या गोणीतला गाळ रुचिकाने शुद्ध करून वितळवला, तेव्हा तुरीच्या दाण्याएवढी सोन्याची गोळी निघाली. रुचिकाने ती जमनाच्या तळहातावर ठेवली. एवढीशी, पण हाताला जड लागली.

संध्याकाळी सुटताना नविनभाई फाटकावर उभे होते. झडती घेणारी बाई नव्हती.

"माझं चुकलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मला माफ करा."

टेबलावरच्या बायकांतली दक्षा गुजरातमधल्या उंबरगावकडची. सुकीने तिच्याकडे बोट दाखवलं. "भाई, हिला मराठी कमी समजतं. गुजरातीत पण बोला."

"माफ करजो, बेन," नविनभाई म्हणाले, आणि बायकांत एकदम हशा पिकला. शेवटी तेही हसले.

जमनाला काय हवं ते त्यांनी विचारलं. तिने गिरणीत हवा ओढून घेणारा मोठा पंखा मागितला, तोही धूळ पिशवीत अडवणारा. पंधरा दिवसांत तो लागला. आता केर काढायला दुसरी बाई आली आहे, आणि जमना सकाळभर मास्क लावून, स्टुलावर बसून घमेलं फिरवते. टबातलं पाणी रुचिका वाया जाऊ देत नाही, तेही गाळून घेते.

दुपारी सगळ्या जणी हातपाय धुऊन आंब्याखाली जेवायला बसतात. परवा सुकीने सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. जमनाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.