न संपलेले सूप

मित्रांनो, मी सुपाचा एक जुना टोप आहे. तांब्याचा. तळाला दोन पोचे, एक कान मागाहून जोडलेला, आणि पोट एवढे मोठे की दोनशे माणसांचे सूप माझ्यात सहज रटरटावे. कुणी मला ढब्बू म्हणाले तरी मी रागावत नाही.

माझा जन्म लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या तांबटआळीत झाला. ठोके खूप खाल्ले, पण त्याशिवाय टोप घडत नाही. माझ्या आताच्या मालकाच्या, तनूसच्या वडिलांनी मला घोंगडीत गुंडाळून जहाजाने कॅनडात आणले. येताना माझ्या पोटात त्यांनी मसुरीची डाळ भरून घेतली होती, इतका त्यांचा परक्या देशातल्या डाळीवर अविश्वास! ओटावात, एका उंच सरकारी कचेरीसमोरच्या गल्लीत, त्यांनी छोटी खानावळ काढली. त्यांच्यामागे ती तनूस आणि त्याची बायको हुदा चालवू लागली.

काय दिवस होते ते! बारा वाजले की समोरून माणसांचा लोंढा येई. गळ्यात ओळखपत्रे, अंगात जाड कोट, चष्म्यांवर माझी वाफ. दीडपर्यंत माझा तळ दिसू लागे. तळ दिसणे हीच टोपाची शाबासकी. दर शुक्रवारी झिनेटबाई लाल झाकणाची काचेची बरणी पुढे करत. त्या समोरच्या कचेरीत कारकून होत्या. "आईची," एवढेच म्हणत, आणि तनूस बरणी गळ्यापर्यंत भरून देई. सोमवारी ती धुतलेली बरणी आमच्या फळीवर परत येई.

मग साथ आली. मार्चमधल्या एका गुरुवारी सगळ्यांना सांगितले, कॉम्प्युटर घ्या आणि घरी जा. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," तनूस म्हणाला. पंधरा दिवसांची चार वर्षे झाली. साथ ओसरली, पण कचेरी लोकांच्या घरातच राहिली. गल्लीतला चांभार गेला, फुलवाली गेली, न्हावी गेला. दुकानांच्या काचांना आतून खाकी कागद लागले. माझ्यात चार बोटे सूप शिजे, आणि तेही उरे. लाल झाकणाची बरणी फळीवर धूळ खात राहिली.

शेवटी उरल्यासुरल्या दुकानदारांनी सरकारला अर्ज केला, की कर्मचाऱ्यांना परत बोलवा, आमची गल्ली मरते आहे. पहिली सही तनूसची. पेपरात त्याचा फोटोही आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. खोटे कशाला सांगू, मला अभिमान वाटला. मग उन्हाळ्यात हुकूम निघाला, सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस कचेरीत यायचे.

तनूस नाचलाच. हुदा मात्र नाचली नाही.

"जागेचा करार, ते परत येतील त्याच आठवड्यात, शुक्रवारी संपतोय," ती म्हणाली. "पहिल्या मंगळवारी हा टोप रिकामा झाला, तर पुढच्या पाच वर्षांवर खुशाल सही कर. नाही झाला, तर किल्ल्या देऊन टाकायच्या. नुसत्या आशेवर रोज डाळ चढवायची, मला नाही जमत आता."

"मान्य. बघशील तू, तळ खरवडून नेतील!"

मला नवी कल्हई झाली. त्या मंगळवारी मी काठोकाठ भरलो. काचेवर तनूसने मोठा फलक लावला, 'या, तुमचीच वाट पाहत होतो!' बारा वाजले आणि समोरचे दार उघडले. तोच लोंढा, तीच ओळखपत्रे. माझ्या अंगात उकळी फुटली.

कुणीही आमच्याकडे वळले नाही. प्रत्येकाच्या हातात घरचा डबा होता आणि छातीवर गोल बिल्ला, 'इथं काही विकत घेणार नाही.' ते समोरच्या कट्ट्यावर बसले आणि गार सँडविच खाऊ लागले. एकाने आमच्या फलकाकडे बोट दाखवले, बाकीचे हसले.

"हे असं का करतायत?" तनूस म्हणाला.

"मला काय विचारतोस? सही तुझी आहे."

साडेबारा झाले, पाऊण झाला. तनूसचे डोळे दाराला चिकटलेले. ढवळायचे तो विसरला आणि सूप माझ्या तळाला लागू लागले. मला ओरडावेसे वाटत होते, पण टोपाला कुठला आवाज?

तेवढ्यात दार उघडले. झिनेटबाई!

"या, या!" तनूसने धावत फळीवरची बरणी उचलली. "आईची, गळ्यापर्यंत!"

"रिकामीच दे. न्यायला आलेय."

"रिकामी?"

"फोटो पाहिला तुझा. टोपाला बिलगून छान हसतोयस."

"अहो, गल्ली मरत होती. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतंस! वीस वर्षं तुझ्याकडे जेवले मी. एक फोन करायचास. आज पहाटे पाचला उठले, दोन बस बदलल्या. इथं येऊन बघते तर बसायला टेबल नाही. जिन्यापाशी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसले आणि घरून बोलायचे त्याच लोकांशी पडद्यावर बोलले! आणि तिकडे आई. मी कोण, हे कधीकधी तिला आठवत नाही. तिला शेजारणीच्या गळ्यात टाकून आलेय मी. कशासाठी? तर तुझं सूप खपावं म्हणून."

तनूसचा चेहरा पडला, पण आवाज चढला. "आणि आम्ही? आम्ही काय घरून सूप वाढायचं? चार वर्षांत तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं, तनूस, जिवंत आहेस का?"

"नाही विचारलं," झिनेटबाई हळूच म्हणाल्या. बरणी पिशवीत टाकून निघून गेल्या.

दोन वाजता हुदाने गॅस बंद केला. मी काठापासून बोटभरही उतरलो नव्हतो. आता मोरीत ओतणार, या विचाराने माझे कान गार पडले. टोपाला याहून मोठी भीती नसते.

"अन्न टाकायचं नाही," हुदा म्हणाली. "अर्धं डब्यांत काढ आणि तो कान धर. झिनेटबाईंच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला गेले होते मी. घर ठाऊक आहे."

मागच्या सीटवर मला पट्ट्याने बांधले. शहर मागे पडले आणि लांबच्या लांब घरांच्या ओळी लागल्या. माझी गिऱ्हाइके चार वर्षे इथे दडून बसली होती तर! एका खिडकीत झिनेटबाईंची आई उभी होती. अंगात कोट, बटणे वरखाली लावलेली.

"सकाळपासून अशीच उभीय," शेजारीण रडकुंडीला येऊन म्हणाली. "झिनेट बसनं येईल म्हणते. कोट काढत नाही, घास घेत नाही."

म्हातारीने तनूसला न्याहाळले. "बॉयलरवाला ना रे तू? किती हा उशीर!"

"हो आजी," तनूस म्हणाला. "फारच उशीर झाला."

त्याने मला टेबलावर ठेवले आणि वाडगा भरला. तिसऱ्या घोटाला म्हातारी खुर्चीत टेकली. "खाली लागलंय तुझं सूप," ती म्हणाली, आणि वाडगा पुन्हा पुढे केला. हुदाने हलकेच तिच्या कोटाची बटणे सोडली.

झिनेटबाई सहाला आल्या. दारातच थबकल्या. कोट काढून बसलेली आई, रिकामा वाडगा आणि टेबलाच्या मधोमध मी.

"माझं चुकलं, मी..." तनूस उठू लागला.

"बस." त्यांनी पिशवीतून बरणी काढली आणि पुढे धरली. "गळ्यापर्यंत भर."

शुक्रवारी तनूसने किल्ल्या देऊन टाकल्या. आमच्याही काचेला खाकी कागद लागला. गल्ली वाचली नाही, मित्रांनो, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. आता मी त्या घरांजवळच्या चर्चच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा शिजतो. तळ दर वेळी दिसतोच असे नाही.

तांब्याला वेळेवर कल्हई केली नाही, तर चांगले अन्नही कळकते. माणसांना विचारपूस लागते. ज्यांच्यासाठी शिजवता त्यांना विचारत जा, आणि ज्यांच्या हातचे खाता त्यांनाही. हुदा आता डाळ चढवण्याआधी घरोघरी फोन करते. पहिला फोन झिनेटबाईंना असतो, आणि पलीकडून आधी त्याच विचारतात, "तुम्ही दोघं कशी आहात?"