माझ्यातली बनातीची चकती

रुपयाएवढी, लाल बनातीची एक चकती.

सीताकाकूंच्या केसांतली आकडी.

खाऱ्या वाऱ्याने सोललेलं काळं रेक्झिन.

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून भर दुपारी आलेली एक हाक.

"ह्येच्यात झांज नाय वाजत, पत्रो वाजता!"

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे आणि ती गोष्ट माझी आहे. मी हेडफोन. आता जुना झालो आहे. माझ्या डाव्या आणि उजव्या कानातून एकच गाणं थोडं थोडं वेगळं येतं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते एक होतं. म्हणून माझी गोष्टही मी तशीच सांगतो. डावीकडून माझं, उजवीकडून घरचं.

डावीकडून

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ त्याच पट्ट्यावरून पुढे सरकत होते. आम्ही पुष्कळ खपलो. आमच्याविषयी लोकांनी पुष्कळ लिहिलंही, पण फिरून फिरून दोनच वाक्यं. आवाज मोठा आणि मोकळा आहे. वरचे स्वर मात्र टोचतात.

ते खरं होतं. गाण्यातला 'स' आणि 'श', काकणांची किणकिण, झांजेचा झणत्कार हे सगळं मी जरा जास्तच पुढे करतो. माझी घडणच तशी आहे.

देवबागच्या निहारने मला त्याच्या होमस्टेसाठी घेतलं. समुद्रातून आलेले पाहुणे ओल्या, वाळूच्या बोटांनी मला उचलत आणि तसेच खुर्चीवर टाकून जेवायला जात. दोन पावसाळ्यांत माझं रेक्झिन सोललं.

त्याच होमस्टेच्या पडवीत 'कानसेन' नावाचा ग्रुप जमायचा. जिल्ह्यातली आवाजवेडी माणसं ती. जो तो आपापला हेडफोन घेऊन यायचा. एकाने खुर्चीवर बसायचं, डोळ्यांवर पंचा बांधायचा. बाकीच्यांनी त्याच्या डोक्यावर एकेक हेडफोन चढवायचा आणि त्याने नाव न बघता निकाल द्यायचा. परीक्षेसाठी गाणं मात्र ठरलेलं असे. तळेऱ्याजवळच्या शौनकने आपल्या वाडीच्या देवळात रेकॉर्ड केलेलं भजन. त्यात आवाज आणि पेटी त्याच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. झांज त्यांच्या मंडळातल्या बाबली नावाच्या शेतकऱ्याची.

माझी पाळी आली तेव्हा पंचा गौरजाच्या डोळ्यांवर होता. गौरजाचं बांद्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिच्या तोंडाला सगळेच वचकून असतात.

"कोणाचो रे हो?" ती ओरडली. "ह्येच्यात झांज नाय वाजत, पत्रो वाजता! काढ, काढ!"

पडवीभर हसू झालं. निहारने मला उचलून कोपऱ्यात ठेवलं. शौनक म्हणाला, "निहार, ह्येका माका दी. ह्येची धार वायच कमी करतंय."

आणि मी त्याच्या पिशवीत गेलो.

उजवीकडून

शौनक मला घेऊन घरी पोचला तेव्हा सीताकाकू, म्हणजे त्याची आई, घरापुढच्या खळ्यातच उभ्या होत्या.

"झिला, तुझो बापूस आज देवळात बाबल्याक सगळ्यांच्या देखत बोललो."

"काय बोलले?"

"म्हणता, झांज वाजयतंस की डास मारतंस?"

शौनक हसला. सीताकाकू हसल्या नाहीत.

"बाबल्या म्हणालो, अप्पानू, ह्याच्यापेक्षा मोठ्यान वाजयलंय तर देऊळ पडात. तर हे म्हणतत, मगे माका आयकाक कित्याक येना? आणि पेटी बंद करून उठले ते घराक इले."

अप्पा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर वाडीच्या भजनी मंडळाचे बुवा एवढीच त्यांची ओळख उरली होती आणि त्यांना तेवढी पुरत होती. बाबलीची भातशेती आणि काजू. अप्पा पेटीवर बसले की त्यांच्या डाव्या खांद्यामागे बाबली झांज घेऊन बसणार, हे वाडीत कुणी ठरवलं नव्हतं. ते तसंच चालत आलं होतं.

आता सप्ताह तोंडावर आला होता. सप्ताहात प्रत्येक वाडीची भजनाची पाळी असते. बाबलीने निरोप पाठवला, "दुसऱ्या बुवाच्या मागे मी बसूचंय नाय." अप्पा म्हणाले, "माका आता कोणाच्याच पुढे बसूचा नाय." वाडीची पाळी दुसऱ्यांना जाणार, असं दिसू लागलं.

मला ओटीवरच्या खुंटीला टांगलं होतं. खाली अप्पांची पेटी, तिच्यावर कपडा घातलेला. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज रोज थोडा वाढत होता. सीताकाकू म्हणायच्या, शेजाऱ्यांना वेगळा टीव्ही घ्यायची गरजच नाही. घरात सगळ्यांना ते ऐकू येत होतं, पण त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

डावीकडून

शौनक पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. काम आटोपलं की तो मला मांडीवर घेऊन उघडायचा. त्याने माझं सोललेलं रेक्झिन काढून नव्या गाद्या बसवल्या. पाठीची भोकं डॉक्टरी टेपने बुजवली, मग काही उघडली. जाड आवाज सुधारला, पण टोचणं काही जाईना.

एक दिवस त्याने अप्पांच्या पेटीच्या दुरुस्तीतून उरलेली बनात शोधून काढली. पेटीच्या पट्ट्या खट्खट करू नयेत म्हणून त्यांच्याखाली लावतात ते मऊ जाड कापड. त्याच्या रुपयाएवढ्या दोन चकत्या कापून त्याने माझ्या दोन्ही पडद्यांसमोर बसवल्या आणि दुपारभर तेच भजन लावून ऐकत राहिला. बाबलीची झांज दबली, गुळगुळीत झाली. शौनक खूश झाला.

उजवीकडून

अप्पा ओटीवर बसून मांडीवर बोटांनी पेटी वाजवत. पेटीवरचा कपडा काढत नसत.

डावीकडून

पुन्हा देवबाग, पुन्हा पंचा, पुन्हा गौरजा. या वेळी तिने भजन संपेपर्यंत ऐकलं. शेवटी म्हणाली, "हो कोण? ह्येका मी घराक न्हेतंय."

"मागच्या खेपेचो पत्रो तो," निहार म्हणाला.

तिने पंचा ओढून काढला आणि मला उलटंपालटं करून बघितलं. "खोटा सांगतंस मेल्या!"

मित्रांनो, माझं कौतुक होण्याची ती पहिलीच वेळ. सगळ्यांनी मला हातोहात फिरवलं, माझे फोटो काढले. माझ्यात एकच खोट होती आणि ती आता गेली, असं मला वाटलं.

दोन्हीकडून

दुसऱ्या दिवशी सकाळी शौनकने मला अप्पांच्या डोक्यावर चढवलं.

"अप्पा, तुमचाच भजन. आयका."

"ह्या काय, हेल्मेट?" अप्पा म्हणाले, पण बसले.

भजन सुरू झालं. त्यांचा चेहरा उजळला. "आवाज बरो होतो रे माझो. पेटी बरी." मग कपाळावर आठी आली. ते बोट वर करून वाट बघत राहिले. "बघ! तेव्हापासूनच! हो बाबल्या तेव्हापासूनच झांज वाजयणा नाय!"

आणि मग त्यांनीच मला कानांवरून खाली ओढलं.

"पण त्या दिवशी मीच त्येका सांगलेलंय, वायच हळू वाजय म्हणान. त्या दिवशी झांजेची दोरी तुटलेली, इतकी वाजयल्यान. मगे ह्याच्यातली झांज खंय गेली?"

शौनक ओशाळला. "ता माझा काम, अप्पा. मी वायच जास्तच दाबलंय. थांबा."

चकत्या काढायला हाताशी काही नव्हतं. सीताकाकूंनी केसांतली आकडी काढून दिली. आकडीने टोकरून शौनकने त्या दोन्ही चकत्या उचलल्या आणि मला पुन्हा अप्पांच्या कानांवर ठेवलं. भजन तिथूनच पुढे सुरू झालं.

मी होतो तसा झालो. टोचणारा. सगळ्या कानसेनांनी नाकारलेला. झांज माझ्यातून सरळ बाहेर पडली.

अप्पांचा हात मांडीवर पडला. पुन्हा पडला. मग तो ताल धरूनच पडत राहिला. त्यांचे डोळे मिटले होते आणि ओठ आपल्याच जुन्या आवाजाबरोबर हलत होते.

"वाजयता," ते म्हणाले. "लांबसून येता. जसा काय नदीच्या पलीकडे वाजयता. पण वाजयता."

"लांबसून?" शौनकने मला काढून स्वतःच्या कानांना लावलं आणि दचकून लगेच दूर धरलं. झांज त्याच्या कानांत सुईसारखी गेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे.

अप्पा मास्तर होते. मुलांच्या तोंडावरून उत्तर ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"तुका टोचता?"

"होय अप्पा."

"खूप?"

"खूप."

सीताकाकू सुटलेले केस तसेच हातात धरून उभ्या होत्या.

"म्हणजे," अप्पा म्हणाले, "बाबल्या वाजय होतो."

ते उठले. त्यांनी शौनकच्या हातातून मला घेऊन गळ्यात अडकवलं, पायांत चपला घातल्या आणि ते पायवाटेला लागले. मी त्यांच्या गळ्यात तसाच राहिलो. माझी वायर गुडघ्यापर्यंत लोंबत होती. शौनक मागून हाका मारत होता, पण अप्पांना त्या ऐकू गेल्या नाहीत, की त्यांनी ऐकल्या नाहीत, मला सांगता येत नाही.

बाबली काजूच्या बुंध्याशी पाचोळा ओढत होता. त्याने अप्पांना बघितलं आणि पाठ फिरवली. मग राहवलं नाही म्हणून पुन्हा बघितलं.

"अप्पानू, गळ्यात ह्या काय? जू?"

"बाबल्या, झांज हाड."

"कित्याक? डास मारूक?"

बाबलीने खोरं ठेवलं, घरात गेला आणि झांज घेऊन आला. तिथल्या मेऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्याने वाजवायला घेतली. काजूवरचे कावळे उडाले. बाबलीची बायको यशोदा धावत दारात आली. अप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याच्या हातांकडे बघत राहिले. हात बघितले, कोपर बघितले, गळ्याच्या ताणलेल्या शिरा बघितल्या.

"माका आयकाक येना नाय, बाबल्या," ते म्हणाले. "पेटी पुढ्यात वाजता ती येता. तुझी झांज नाय येत. ता माझ्या कानाचा. मी तुझ्या हाताचा समाजलंय."

बाबलीची झांज थांबली. तो दोरी बोटांभोवती गुंडाळू लागला.

"मगे असा सांगूक नको?" तो म्हणाला. "मी आपलो रोज घराक येऊन खांद्याक तेल लावतंय. यशोदाक विचारा!"

यशोदा म्हणाली, "बाटली संपली."

तेव्हा अप्पा हसले. बाबलीही हसला. मग यशोदाने चहा टाकला.

त्या आठवड्यात अप्पा कणकवलीला कानांच्या डॉक्टरकडे गेले. एकटे नव्हे, बाबलीही बरोबर होता. डॉक्टरांनी अप्पांच्या कानांत बसतील अशी दोन छोटी यंत्रं दिली. शौनकने घरी समजावून सांगितलं की ही यंत्रं वरचे स्वर मुद्दाम वाढवतात. हे ऐकून, मित्रांनो, मला फार बरं वाटलं. ती यंत्रं माझ्या कारखान्यातली नव्हेत, पण नात्यातली वाटली.

सप्ताहात वाडीची पाळी वाडीकडेच राहिली. संध्याकाळी देवळात मंडळ बसलं. अप्पा पेटीवर, त्यांच्या डाव्या खांद्यामागे बाबली. शौनक रेकॉर्डिंग करत होता आणि मी त्याच्या कानांवर होतो. टोचू नये म्हणून त्याने आवाज कमी ठेवला होता. गजर चढला. बाबलीने गेल्या कित्येक महिन्यांच्या सवयीने जीव तोडून झांज मारली.

अप्पांनी दचकून मान वळवली.

"बाबल्या, वायच हळू रे! कान फुटतले माझे!"

पखवाज थांबला. पेटी थांबली. सगळं देऊळ हसत होतं आणि सगळ्यांत मोठ्याने बाबली. ते हसू माझ्यातून शौनकच्या कानांत गेलं आणि रेकॉर्डिंगमध्येही राहिलं. हल्ली कानसेन परीक्षेसाठी हेच नवं रेकॉर्डिंग लावतात. गौरजा मला अजूनही पत्रोच म्हणते. मात्र आता कुणाच्याही हेडफोनला नावं ठेवण्याआधी ती स्वतःचे कान तपासून घेते आणि बाकीच्यांनाही तपासायला लावते.

माझ्यात नवं काही बसवलेलं नाही. त्या दोन चकत्यांपैकी एक कुठे गेली ठाऊक नाही. दुसरी अप्पांनी पेटीत लावली. एक पट्टी खट्खट करत होती, तिच्याखाली.

मित्रांनो, मला आणि माझ्या भावांना ओल्या हातांनी धरू नका. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर टाकू नका. आवाज कमी ठेवून ऐका, कारण आमच्या गाद्या बदलता येतात, तुमचे कान बदलता येत नाहीत. एखाद्याचा आवाज टोचला तर तो दाबण्याआधी घरात विचारून बघा की तो आणखी कुणाला हवा आहे का. आणि घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर चेष्टा करून सोडून देऊ नका. जवळ जाऊन बसा.

शौनकने माझ्यात चकत्या बसवल्या त्या दुपारी अप्पा ओटीवर होते, शौनकच्या कानांवर मी होतो, सीताकाकू तळेऱ्याला बाजारात गेल्या होत्या आणि बाबली गडग्यापर्यंत येऊन, हाक मारून, परत गेला होता.