कडेची माणसं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्यावर आळ आला होता. तो खोटा होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच ऐकून घ्यायची मला सवय नाही.

कारखान्यात मला जोडलं, तपासलं, खोक्यात भरलं. दुकानातून मला ताईने आणलं. तिचा आणि धाकट्या भावाचा स्टुडिओ होता. फोटो ती काढायची, कॉम्प्युटरवर भाऊ ते नीटनेटके करायचा. शाळेचे वर्ग, ऑफिसातले निरोप समारंभ, सगळीकडे मी. ताई डावा डोळा मिटायची, उजवा माझ्या खिडकीला लावायची आणि चाळीस माणसं एका झटक्यात चौकटीत बसवायची. लोक म्हणायचे, "काय नजर आहे!" मीही आपला फुगायचो.

मग डावीकडची माणसं कापली जाऊ लागली. कुणाचा अर्धा चेहरा, कुणाचा नुसता खांदा. एका वर्गाच्या फोटोतून तर गणिताच्या बाईच गायब! केवढा गहजब झाला.

"ताई, रुंद लेन्स घेऊ," भाऊ म्हणाला.

"लेन्सने काय होतंय? हा डबाच म्हातारा झालाय," ताई फणकारली.

डबा म्हणजे मी. फार लागलं मला ते.

आधी लेन्स आली. चौकट रुंद झाली, तशी ताई दोन पावलं पुढे सरकली आणि माणसं कापली गेलीच. मग नवी बॉडी, म्हणजे माझ्या जागी नवा कॅमेराच आला. लेन्स तिला लावली आणि माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली.

मला सगळं ठाऊक होतं हो. पूर्वी तिचा डोळा माझ्या खिडकीतून चारी कोपरे फिरून यायचा. आता तो डाव्या कडेला पोचतच नव्हता. एरवी दोन्ही डोळे एकमेकांना सांभाळून घ्यायचे. पण फोटो काढताना ती नेमका चांगला डोळाच मिटायची. इतक्या वर्षांची सवय ती, कुणाच्या लक्षात येणार?

नव्या बॉडीचा पहिला फोटो घरच्यांचाच होता. सगळे स्टुडिओत रांगेत उभे राहिले. ताईने डोळा लावला आणि म्हणाली, "अरे, आई कुठे गेली? बोलवा तिला."

आई डाव्या टोकाला उभी होती, नवी साडी नेसून, हसत.

भावाने ताईच्या हातातून कॅमेरा अलगद काढून घेतला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली थेंब घालून राखायची. "वर्षभर आधी आला असतात तर..." असं म्हणत त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहून दिली.

मित्रांनो, फोटो बिघडला तर आम्हाला खुशाल शिव्या घाला, लेन्स बदला, बॉडी बदला. पण बघणाऱ्यालाही एकदा विचारा, तुला नीट दिसतंय ना? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.