चौथ्या मजल्यावरचा हॉल

"या की आत! सहा माणसांची लिफ्ट आहे, आपण पाचच," व्याही आतून म्हणाले.

आत व्याही, त्यांच्या म्हाताऱ्या आई आणि हॉलचा मॅनेजर होते. पोरगी शेवटी शिरली आणि बापाला जागा व्हावी म्हणून भिंतीला चिकटली. तो मात्र बाहेरच उभा राहिला. दार मिटायला लागलं तसा त्याने कडेवर पंजा टेकवला. दार कुरकुरत मागे गेलं.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता, सव्वीस वर्षांचा जुना. कामावर त्याला 'थांबाशेठ' म्हणत, कारण कुठल्याही मशीनपाशी गेला की त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघे. बाहेरही त्याची सवय सुटत नसे. गेल्या रविवारी पोरीच्या आणि जावयाच्या अंगठ्या घालून होतात न होतात तोच त्याने स्टेजमागची एक उघडी वायर शोधून काढली होती आणि तिला टेप लागेपर्यंत पाहुण्यांना वीस मिनिटं अंधारात बसवलं होतं. म्हणून आज लग्नाचा हॉल बघायला निघताना पोरीने बजावलं होतं, "बाबा, आजचा दिवस कशात खोट काढू नका. हात जोडते."

जावई जहाजावर नोकरीला होता. पाच आठवड्यांनी निघाला की नऊ महिने परतणार नव्हता. त्याआधी लग्नाला एकच रविवार जमत होता आणि त्या रविवारी एकच हॉल मोकळा होता. सतरा ठिकाणी फोन करून व्याह्यांनी तो शोधला होता. आज सकाळी पत्ता कळला आणि याच्या हातातला चहा तसाच गार झाला.

नऊ दिवसांपूर्वी ही लिफ्ट त्यानेच बंद केली होती. लिफ्ट पाच पोलादी दोरांवर लोंबकळत असते. तिसऱ्या दोरावरून चिंधी फिरवताना ती जागोजाग अडकली. त्याने भिंग लावून मोजलं, तर दोराच्या एकाच पिळात अकरा तारा तुटलेल्या. तिथे पिवळ्या रंगाचा पट्टा ओढून त्याने लिफ्टला कुलूप घातलं आणि दोर बदला म्हणून लिहून दिलं. हॉलच्या मालकाने दोराऐवजी देखभालीची कंपनी बदलली.

आज तो सगळ्यांच्या अर्धा तास आधी येऊन जिन्याने वर जाऊन आला होता. मशीनरूमला कुलूप नवं होतं, पण जाळीतून पिवळा पट्टा स्वच्छ दिसत होता, म्हणजे दोर तोच होता. व्याह्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण ते आले तेच मोठमोठ्याने हाका मारत, आणि पोरीचा चेहरा इतका फुललेला होता की त्याने ते पुढे ढकललं. जिन्याने चला म्हणावं, तर आजींना चार पायऱ्यासुद्धा झेपत नव्हत्या.

"अहो, काय झालं?" व्याह्यांनी विचारलं.

"उतरा सगळे. दोर खराब आहे."

मॅनेजर हसला. "साहेब, हे सर्टिफिकेट बघा, परवाच पास झालीय. ह्यांच्या कंपनीचं काम आम्ही काढून घेतलं ना, त्याचा राग आहे, दुसरं काही नाही."

"तुम्ही इथं कामाला होता?" व्याह्यांचा आवाज बदलला. "मग सकाळी फोनवर मूग गिळून का बसलात?"

दार पुन्हा येऊन पंजावर आदळलं आणि मागे गेलं.

"बाबा, नको म्हटलं होतं ना मी," पोरगी दातांवर दात ठेवून म्हणाली. "लोक बघतायत."

"उतर, बाळा."

"साडेपाचला दुसरी पार्टी येतीय," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "रविवार हवाय की नको, आत्ताच सांगा."

"हे बघा," तो व्याह्यांना म्हणाला, "पाचातले चार दोर धड आहेत. आज कदाचित काहीच होणार नाही. पण त्या दिवशी तीनशे माणसं वरखाली करतील. आणि दोर कधी दगा देईल ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे तुमचं तुम्हालाच नक्की नाही!"

"नाही. नक्की नाही."

दार तिसऱ्यांदा आदळलं. पोरीची नजर त्याच्या हाताकडे गेली. बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेला तो पंजा कडेवरून हलला नव्हता. ती बाहेर आली. त्याच्या शेजारी मात्र थांबली नाही. समोरच्या भिंतीपाशी जाऊन तिने पाठ फिरवली.

मॅनेजर पाठोपाठ उतरला, तोवर त्याने फोन कानाला लावलाही होता. "हां, रविवार मोकळा झालाय. या तुम्ही."

"अवघड माणूस आहात," एवढंच म्हणून व्याही मुलाला फोन करायला रस्त्यावर गेले. आपली आई अजून आतच आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"आणि मला कुणी उतरवणार आहे की नाही?" आजी म्हणाल्या. "हात दे रे."

त्याने मोकळा हात पँटला दोनदा पुसला आणि पुढे केला. आजींनी सगळा भार त्यावर टाकला. लिफ्टचा तळ फरशीपेक्षा बोटभर वर थांबला होता.

"सावकाश. उंचवटा आहे," तो म्हणाला.

आजींचे दोन्ही पाय फरशीवर टेकल्यावर त्याने दाराच्या कडेवरचा पंजा काढला. वरून कुणीतरी बटण दाबलं असावं. दार मिटलं आणि रिकामी लिफ्ट निघून गेली. तो मान वर करून ऐकत राहिला. थोड्या वेळाने ती चौथ्या मजल्यावर सुखरूप पोचल्याची घंटी खालपर्यंत ऐकू आली.