काळे फोटो

स्टुडिओवालीला फोटोतलं काही शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणा, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं. वीस वर्षं ती लोकांच्या गालांवरचे मुरूम पुसत आली होती. पण आज दादाचं ते आकाशाचे फोटो बघायचं सॉफ्टवेअर उघडून तासभर झाला, तरी पडद्यावर एका काळ्याकुट्ट चौकोनापलीकडे काही दिसायला तयार नव्हतं.

दादा पलीकडच्या खाटेवर पडला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पट्ट्या सुटल्या तरी आता दिसणार नाही, असं डॉक्टरांनी कालच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे गच्चीवरच्या दुर्बिणीतून त्याने काढलेले ते तीन फोटो शेवटचेच. पहिल्यात त्याला एक धुरकट ठिपका दिसला होता, ताऱ्यांच्या कुठल्याच नकाशात नसलेला. बाकीचे दोन बघायच्या आत डोळ्यांत रक्त उतरलं. पुढच्या फोटोंत ठिपका सरकलेला असला, तर तो धूमकेतू, आणि दादाच्या नावाचा. जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतलेल्या माणसाला एवढंच हवं होतं.

"दादा, सगळं काळंच आहे रे!"

"असणारच. वर 'स्केल' लिहिलंय बघ. त्यात 'लॉग' निवड. उजेड फार थोडा असतो गं, तो ताणून दाखवावा लागतो."

तिने निवडलं. चौकोनात शेकड्यांनी तारे उमटले. आणि मधोमध, दादाने सांगितलं होतं तिथेच, तो ठिपका.

म्हणजे काळे फोटो वाया गेलेले नव्हतेच. गेल्या आठवड्यात दादाच्या पेनड्राइव्हवरून फोटो तिनेच उतरवले होते. तिन्ही काळे. स्टुडिओत काळा फोटो म्हणजे वाया गेलेला, तो कोणी जपून ठेवत नाही. शेवटून सुरुवात करून तिने दोन पुसले, संगणकाची कचरापेटीही रिकामी केली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून पहिला वाचला. पेनड्राइव्हही तिने पुसला होता; त्यावर आता पासपोर्टचे चेहरे भरलेले होते.

"दिसला ना?" दादा कोपरावर उठून बसला. "आता दुसरा लाव. मग दोन्ही आलटून पालटून दाखवायचं बटण आहे, ते दाब."

सांगून टाक, तिने स्वतःला बजावलं. हात मात्र चालले. तिने पहिलाच फोटो दुसऱ्यांदा उघडला आणि बटण दाबलं. चित्र बदलत राहिलं. अर्थात काहीच हललं नाही.

"हलतोय का गं?"

त्याचा चेहरा नेमका तिच्याकडे वळलेला होता.

"नाही," ती म्हणाली.

"तिसऱ्यात?"

"नाही, दादा."

मग चाचपडत त्याने तिचा हात शोधला आणि थोपटला.

"म्हणजे कॅमेऱ्याचाच डाग. रडतेस कशाला, वेडे? तू बघितलंस म्हणून बरं झालं, नाहीतर जन्मभर चुटपुट लागून राहिली असती."

तिला हात सोडवून घेता येईना.

"आणि ते फोटो पुसून टाक," तो आडवा होत म्हणाला. "उगाच तुझी जागा अडते."