वंगण

घड्याळजींची दाढ काढली सकाळी, आणि दुपार झाली तरी रक्त थांबायचं नाव घेईना. रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोळा बदलला, टाका घातला, पुन्हा बोळा बदलला, आणि दर वेळी म्हणाल्या, "थांबेल हं आता." पहिल्यांदा त्या हसून म्हणाल्या होत्या. आता हसत नव्हत्या, आणि नेमकं तेवढंच वहिनींच्या लक्षात आलं. वहिनी म्हणजे घड्याळजींची बायको. दुकानात येणारं सगळं जग त्यांना वहिनी म्हणे.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे मला ठाऊक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांची मागची तपासणी चांगली आली होती. इतकं वाहायला नको. दुसरं काही औषध घेतात का?"

"नाही हो. हृदयाची ती एकच गोळी."

सकाळीही वहिनींनी हेच सांगितलं होतं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात वंगणाला कुणी औषध म्हणतच नसे.

त्याचं असं झालं होतं. संधिवाताने घड्याळजींची पेरं सुजली आणि ज्या माणसाच्या चिमट्यातून कधी केसाएवढा स्क्रू सुटला नव्हता, तो दिवसभर टेबलाखाली वाकून स्क्रू शोधू लागला. गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगू लागला. मग शेजारच्या चष्मेवाल्याने दोन बरण्या आणून दिल्या, एक हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची आणि एक माशाच्या तेलाची. सगळ्यांची बोटं सैल करणारा हा चष्मेवाला स्वतः मात्र काठी टेकत चालायचा, पण ते कोण बघतं. "म्हणजे सांध्यांचं वंगणच की," घड्याळजी हसून म्हणाले, आणि ते नाव पडलं ते पडलंच. बरण्या औषधांच्या डब्यात गेल्या नाहीत, साखरेच्या डब्याशेजारी बसल्या. रोज जेवण झालं की वहिनी विचारायच्या, "अहो, वंगण घेतलंत का?"

हात खरंच हलके झाले, निदान घड्याळजी तसं म्हणायचे. "उद्या या" बंद झालं. पुढे थंडी वाढली, पेरं पुन्हा कुरकुरू लागली, आणि वहिनींनी आपल्या मनानेच वंगण दुप्पट केलं. तेल जास्त झालं की घड्याळ बिघडतं, हे नवऱ्याच्या तोंडून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. पण ते घड्याळाबद्दल होतं ना.

एक माणूस येऊन घड्याळजींच्या दंडातून तपासणीसाठी रक्त घेऊन गेला. सुई टोचली तिथे बघता बघता काळंनिळं पसरलं. डॉक्टरीणबाई दाराशी जाऊन फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, "कारण लागत नाहीये. वर दाखल करावं लागेल." खुर्चीत पडलेला हा माणूस आज घरी येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही, असा विचार मनात आला आणि तो काही केल्या हटेना. आणि मग डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला, दुसरं काही घेतात का.

रक्त पातळ करणारं आणखी काय जातंय पोटात? आपणच घालतोय की. तेही दुप्पट.

"डॉक्टर, ते वंग—"

घड्याळजींनी त्यांचा हात धरला. तोंडात बोळा होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि हात असा आवळला की बांगड्या रुतल्या. वर्षभरापूर्वी त्यांना बरणीचं झाकण उघडत नव्हतं.

वहिनींनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. घाबरले होते ते, पण रक्ताला नाही. त्यांना आधीच कळलं होतं. कळून गप्प बसले होते.

"डॉक्टर," वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. "हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात. माशाच्या तेलाच्याही. सांधेदुखीसाठी. मी दुप्पट देते."

घड्याळजींनी हात सोडला.

पुढे सगळी पळापळ झाली. तपासणीचा कागद आला, इंजेक्शन झालं, सलाइन लागलं, वरच्या मजल्यावर खाट मिळाली. "हे सकाळीच सांगायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाढेला हातच लावला नसता. त्या गोळीबरोबर हे चालत नाही. बरण्या बंद."

संध्याकाळी बोळा निघाला तो जवळजवळ कोरडा. घड्याळजींनी सुजल्या तोंडाने पहिलं वाक्य जुळवलं, "तू मला दुकानातून उठवलंस."

वहिनींना राग यायला हवा होता. आला नाही. दिवसभर त्या मरणाला भीत होत्या, आणि हा माणूस भीत होता पुढच्या सगळ्या सकाळींना, रिकाम्या हातांना. दोघांची भीती खरी होती. एकीवर इंजेक्शन होतं.

"दुसरा काही उपाय विचारू डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "नाही मिळाला तर दुकान बंद पडेल. पडू दे. तुम्ही बंद पडू नका."

घड्याळजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते पुन्हा कधी बोलतील, वहिनींना ठाऊक नव्हतं. त्यांचा श्वास चालू होता, तो ऐकत त्या बसून राहिल्या.