ठेवायला दिलेल्या बंदुका

बायकोला, डार्लाला, पुरून पंधरवडा झाला नसेल, तोच क्लेटन पिकअप घेऊन मर्लच्या गॅरेजपुढे येऊन थांबला आणि मागच्या सीटवरून एकेक बंदूक काढू लागला. दोन रायफली, एक शॉटगन आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पिस्तूल. अभ्र्यावर डार्लाने भरलेली जांभळी फुलं होती.

"जरा ठेवतोस का ह्या?"

"ठेवतो की."

"तळघरात ओल आलीय माझ्या. गंज चढायचा उगाच."

"हो, ओल वाईटच."

क्लेटनचं तळघर खडखडीत कोरडं होतं. ते बांधताना मर्लनेच सिमेंट कालवलं होतं. पण ह्या खोऱ्यातल्या पुरुषांची ही रीतच आहे. बायको गेली, नोकरी गेली, घर खायला उठलं, की माणूस आपल्या बंदुका दोस्ताकडे नेऊन ठेवतो. ओल आलीय म्हणतो, रंगकाम काढलंय म्हणतो, नातवंडं येणार आहेत म्हणतो. घेणारा मान डोलावतो, पोलादी कपाटात बंदुका उभ्या करतो, किल्ली फिरवतो आणि मग दोघे मिळून कार्ब्युरेटरबद्दल बोलतात. परत न्यायला आला की तितक्याच मुकाट्याने द्यायच्या. देताना विचारायचं नाही आणि घेतानाही विचारायचं नाही. ह्यालाच इकडे मोठं मन म्हणतात. तोंड उघडण्यापेक्षा पाच मणांचं इंजिन उचललेलं परवडलं, अशी ही जात.

मर्ल आणि क्लेटन दोघेही लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले. मर्लच्या गॅरेजात क्लेटनची जुनी इंग्लिश मोटारसायकल कित्येक हिवाळे उघडी पडली होती. इंजिन टेबलावर, टाकी भिंतीला टेकलेली, नटबोल्ट कॉफीच्या डब्यांत. गाडी तयार व्हावी अशी घाई दोघांनाही नव्हती, कारण गाडी तयार झाली तर शनिवारी करायचं काय? सकाळी वंगणात हात घालायचे, दुपारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जाऊन डबड्यांवर नेम धरायचा, संध्याकाळी मर्लच्या बायकोच्या, जोनेलच्या, हातचं हरणाचं मटण खायचं. नेम क्लेटनचा. मर्लची डबडी बहुधा जागची हलायची नाहीत.

"अरे, डबड्याला मारायचंय, डोंगराला नाही," क्लेटन म्हणायचा. "डोंगर आपला मोठा आहे, तो काही मनावर घेणार नाही."

डार्ला गेल्यावर हे सगळं थांबलं. म्हणजे क्लेटन शनिवारी येत होता, पण येऊन उलट्या बादलीवर बसायचा आणि हातातला पाना ह्या हातातून त्या हातात करत राहायचा. दाढी वाढली. शर्ट तोच. मर्ल एकटाच बोलायचा, व्हॉल्व्हबद्दल, गॅस्केटबद्दल, आणि मनातून घाबरायचा. कधी वाटायचं, जवळ बसावं, खांद्यावर हात ठेवावा आणि विचारावं. मग तो उठून दुसरा पाना शोधायचा. उन्हाळाभर त्याने इतके पाने शोधले की दुकान थाटता आलं असतं.

ऑक्टोबरात मात्र एका शनिवारी क्लेटन दाढी करून आला. केस कापलेले, धुतलेला शर्ट. आल्याआल्या त्याने कॉफीचे डबे टेबलावर उपडे केले आणि म्हणाला, "चल म्हाताऱ्या, हिला उभी करू. बर्फ पडायच्या आत एकदा तरी खिंडीपर्यंत न्यायचीय."

आणि त्यांनी ती उभी केली. रोज काम केलं, नुसतं शनिवारी नाही. क्लेटन गुणगुणत होता. इंजिन बसवताना मर्लचं बोट चेंगरलं तेव्हा तो खदाखदा हसला, आणि ते हसू ऐकून मर्लच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने बोटाच्या नावावर खपवलं. गाडी चौथ्या लाथेला सुरू झाली. क्लेटन डोंगराच्या रस्त्याला लागला आणि तास-दीड तासाने परतला तो गाल लालबुंद आणि नाक गळतंय अशा अवस्थेत, शाळा बुडवून आलेल्या पोरासारखा.

गाडीवरून उतरून त्याने आपली पान्यांची चांगली पेटी, जिला तो कुणाला हात लावू देत नसे, मर्लच्या टेबलावर ठेवली.

"ही राहू दे तुझ्याकडेच."

"का रे?"

"मला कशाला आता? गाडी झाली की." मग हातमोजे काढत तो सहज म्हणाला, "आणि ती बाबांची रायफल दे काढून पुढल्या आठवड्यात. हरणांचा हंगाम सुरू होतोय. वर कड्याखाली जाईन म्हणतो."

"एकटा?"

"तू आलास तर हरणं हसतील."

मर्ल हसला. पेटीकडे मात्र त्याला बघवेना.

रात्रीच्या जेवणावर त्याने हे जोनेलला सांगितलं. सांगताना सगळं चांगलंच सांगितलं. दाढी, गाणं, गाडी. पेटीचं सांगितलं तेव्हा जोनेलचा काटा हातातच राहिला.

"पेटी देऊन टाकली?"

"दिली."

"माझा लेस्टरकाका आठवतो तुला? शेवटच्या आठवड्यात असाच होता. सगळ्यांशी गोड. मासे धरायच्या काठ्या वाटून टाकल्या पोरांना. आम्हाला वाटलं, चला, सावरला एकदाचा."

"क्लेटन तसा नाही."

"मग विचार ना त्याला. सरळ विचार. काय क्लेट, जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात आहे का? एवढंच तर आहे."

"असं विचारतात का कुणाला?"

"का? तोंडाला गंज चढेल?"

"आणि नसेल तसं काही तर? बिचारा आत्ता कुठे हसायला लागलाय. त्याला काय वाटेल?"

"मग देऊ नकोस रायफल."

"त्याची वस्तू आहे. नाही कसं म्हणू?"

जोनेलने ताट उचललं. "तुम्ही पुरुष ना," ती म्हणाली, आणि नळ सोडला.

विचारवत नव्हतं आणि नाही म्हणवत नव्हतं, तेव्हा मर्लने तिसरंच काढलं. हाताने काम करणाऱ्या माणसाला हीच खोड असते, की अडचण म्हटली की तो हत्यार शोधतो. आधी त्याने क्लेटनची रायफल नेमबाजीच्या मैदानावर नेली आणि हंगामाआधी सगळे करतात तसा तिचा नेम जुळवून आणला. ते त्याने मनापासून केलं. मग गॅरेजात येऊन दार लावलं, रायफलीचा बोल्ट खोलला आणि आतली फायरिंग पिन, काडतुसाच्या बुडावर ठोकून ते पेटवणारी ती बारीक सळी, पकडीत धरली. कार्ब्युरेटरच्या सुया घासायची नाजूक कानस त्याच्याकडे होती. पिनेचं टोक त्याने इतकं घासलं की ते काडतुसापर्यंत पोचूच नये. रिकामी रायफल ओढून पाहिली तर खटका नेहमीसारखाच वाजत होता. कुणाला काही कळलं नसतं.

मर्लला त्या वेळी हुशारी वाटली ही. मित्राचा शब्द राखला, मित्राचा जीवही राखला. हरीण निसटेल, क्लेटन चार शिव्या देईल, म्हणेल पिन झिजली, जुनी झाली. आपण नवी बसवून देऊ. हंगाम जाईल, हिवाळा जाईल.

"नेम जुळवून आणलाय," रायफल देताना तो म्हणाला. "उगाच गोळ्या घालवू नकोस तपासायला."

"तू जुळवलास? मग डोंगरच पडायचा माझ्या हातून," क्लेटन म्हणाला, आणि जाताना त्याने मर्लच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप त्याने डार्ला गेल्यापासून मारली नव्हती.

हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारी क्लेटन परत आला. मर्ल गॅरेजात जोनेलच्या गवत कापायच्या यंत्राशी झटत होता. क्लेटनच्या शिकारीच्या नारिंगी जाकिटावर बर्फ होता आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्याने रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट काढला, खोलला, आणि पिन मर्लच्या समोर धरली.

"ही कानस तुझीच आहे. असे ओरखडे मी उभा जन्म बघतोय."

मर्लच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"अंधारात उठलो मी आज," क्लेटन म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "गजर न लावता. डार्ला गेल्यापासून पहिल्यांदा मला उठावंसं वाटलं, कळतंय तुला? थर्मासमध्ये कॉफी भरली. तिच्याशी बोलत बोलत वर चढलो. म्हटलं, बघ गं, जमतंय मला. कड्याखाली नर उभा होता, असा मोठा. अंगात कापरं भरलं माझ्या, पोरासारखं. मला वाटलं होतं आता कशानेच कापरं भरणार नाही. चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्."

"क्लेट, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मर्लला अजूनही तो शब्द उच्चारता आला नाही.

"तिथेच दगडावर बसून खोलली मी ती. बोटं गारठली होती. आणि पिन बघितल्यावर कळलं, की मी इकडे जगायला लागलोय आणि माझा दोस्त मला मेलेला धरून बसलाय. वर अस्वलं आहेत, मर्ल. अस्वल आलं असतं तर काय टक् टक् करत बसलो असतो?"

"ती पेटी दिलीस ना तू. पान्यांची. म्हणून मी..."

"तू गाडीवर इतकी वर्षं राबलास म्हणून दिली! पैसे दिले असते तर घेतले असतेस? अरे, गाडीचा साधा नट ढिला करून ठेवला तरी त्यावर लाल चिंधी बांधतोस तू, दुसऱ्याला कळावं म्हणून. आणि इथे?"

"चुकलो मी."

"मी उन्हाळाभर त्या बादलीवर बसलो होतो," क्लेटन म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "उन्हाळाभर. बंदुका तुला आणून दिल्या त्या कशासाठी, हे तुला माहीत होतं. मला वाटायचं, आज विचारेल. आज नाही तर पुढल्या शनिवारी. तू मला गॅस्केट दाखवायचास."

मर्लला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही, पण आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

"बाकीच्या काढ," क्लेटन म्हणाला.

"राहू देत ना रे. तुझ्या तळघरात ओल..."

"माझ्या तळघरात ओल नाही."

मर्लने कपाट उघडलं. दुसरी रायफल दिली, शॉटगन दिली. अभ्र्यातलं पिस्तूल देताना त्याचा हात मागे राहिला, पण नाही म्हणायचं धैर्य त्याला तेव्हाही झालं नाही. क्लेटनने ते काढून घेतलं. मोटारसायकल त्याने फळीवरून पिकअपमध्ये चढवली, एकट्यानेच. मर्ल हात लावायला पुढे झाला तर तो थांबला आणि मर्ल बाजूला होईपर्यंत तसाच उभा राहिला.

त्यानंतर तो आला नाही. मर्लने फोन केले, ते वाजत राहिले. नवी पिन मागवून त्याने क्लेटनच्या टपालपेटीत ठेवली, ती परत त्याच्या टपालपेटीत आली. जोनेल कॅसरोल घेऊन गेली तर क्लेटनने दारातच भांडं घेतलं, थँक्यू म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी धुऊन पायरीवर ठेवून गेला. किराणा दुकानात समोरासमोर आले तर तो पाव घ्यायचा सोडून दुसरीकडे वळायचा. हळूहळू त्याच्या गालांवर पुन्हा दाढी दिसू लागली. मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली होती, ताडपत्रीवर बर्फ साचत गेला, आणि एवढ्या टापटिपीचा माणूस तो झाडेना.

गॅरेजात मर्ल एकटा बसायचा. फेब्रुवारी आला, ह्या खोऱ्यातला सगळ्यात नासका महिना, सूर्य डोंगराआड तोंड लपवून असतो. रिकाम्या कपाटाकडे पाहताना मर्लला एक गोष्ट रोज कळायची आणि रोज तितकीच लागायची. गेल्या वर्षी क्लेटनला जीव नकोसा झाला तेव्हा त्याला एक दार होतं. तो बंदुका घेऊन तिथे आला होता, स्वतःच्या पायांनी, आपणहून. यंदा तसंच वाटलं तर तो कुठे जाणार? गावात दुसरा कोण होता त्याला? ते दार मर्लने स्वतःच्या हाताने, आपल्या लाडक्या कानशीने, बंद केलं होतं.

शेवटी एका दुपारी तो निघाला. जोनेलला सांगितलंही नाही. क्लेटनच्या पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढला नव्हता. मर्लने दार ठोठावलं, थांबला, पुन्हा ठोठावलं. बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं. क्लेटन खंगला होता. अंगावर बाहेर पडायचे कपडे नव्हते, आणि आत दिवा लावलेला नव्हता.

"क्लेट," मर्ल म्हणाला. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरला तो, पण ह्या वेळी थांबला नाही. "मी विचारायला आलोय. मरावंसं वाटतं का रे तुला? जिवाचं काही करून घ्यायचं डोक्यात येतं का? खरं सांग. मी इथून हलणार नाही."

क्लेटनने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. राग असता तर मर्लला बरं वाटलं असतं.

"उन्हाळ्यात विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "ऑक्टोबरात विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं. दोन्ही खरं सांगितलं असतं."

"आणि आता?"

"आता मी बरा आहे, मर्ल," क्लेटन म्हणाला, आणि त्याने हलकेच दार लावून घेतलं.